याला नॉइज म्हणू नका

परवा एका मित्राशी जोरदार वाजलं. तो मशीन लर्निंगवाला. त्याचं तत्त्वज्ञान सोपं: डेटात स्पाइक दिसले की आधी उडवायचे, मग मॉडेल. उपग्रहांच्या डेटालाही तो हाच नियम लावायला निघाला होता. अरे बाबा, हे एकदा करून झालंय आणि निस्तरायला वीसेक वर्षं गेली!

पृथ्वीच्या मॅग्नेटोस्फिअरला सूर्याच्या विरुद्ध बाजूला लांबलचक शेपटी असते. १९७०च्या दशकात तिथल्या प्लाझ्मात उपग्रहांना विद्युत क्षेत्राची खरखर सापडली. काही हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंत सगळीकडे ऊर्जा, ठळक शिखर कुठेच नाही. नाव पडलं 'ब्रॉडबँड इलेक्ट्रोस्टॅटिक नॉइज'. झालं, एकदा नॉइज म्हटलं की कोण आत डोकावतंय?

आता गंमत बघा. त्या उपकरणांतून जमिनीवर यायचा तो स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ऊर्जा एवढाच हिशोब. फेज टाकून दिलेली. पण अरुंद पल्सचा स्पेक्ट्रम रुंद असतो, हे आपण सगळे इंजिनिअरिंगला 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'मध्ये घोकून पास झालोय. सुट्या सुट्या पल्स आणि खरा नॉइज यांचा स्पेक्ट्रम सारखाच दिसू शकतो, फरक असतो फेजमध्ये. आणि नेमकी तीच फेकलेली!

१९९२ साली जपान आणि नासाचा जिओटेल गेला. तो मूळ वेव्हफॉर्मच पकडून पाठवू शकत होता. १९९४ मध्ये मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही खरखर म्हणजे सुट्या पल्सची रांग आहे. क्षेत्र एकदा वर, लगेच खाली, की पुन्हा सपाट. काही मिलिसेकंदांत खेळ खलास. (त्याची सरासरी काढा. शून्याच्या आसपास येईल. म्हणजे सरासरीवाल्यांच्या लेखी तिथे काही घडलंच नाही.)

हे होतं कसं? इलेक्ट्रॉनांचा एक झोत दुसऱ्यात घुसला की अस्थिरता वाढत जाते आणि शेवटी धन विभवाचे छोटे उंचवटे उरतात. त्यात काही इलेक्ट्रॉन अडकून येरझाऱ्या घालतात, आणि अख्खा उंचवटा चुंबकीय रेषेवरून सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने सुटतो. याला म्हणतात इलेक्ट्रॉन होल. याचाच भाऊबंद डबल लेयर: त्याच्या दोन बाजूंना विभव वेगवेगळा, म्हणून पार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला खरोखरचा धक्का बसतो. आपल्याकडे पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत या एकाकी तरंगांच्या गणितावर वर्षानुवर्षे काम झालंय, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

आणि चीड येते ती याची की, ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात एस३-३ या उपग्रहाला असे एकाकी तरंग आणि डबल लेयर आधीच दिसले होते. तो शोधनिबंध १९८२चा! तरी शेपटीतल्या खरखरीचं नाव 'नॉइज'च राहिलं.

मान्य आहे, जुन्या लोकांचा नाइलाज होता. स्पेक्ट्रमला थोडे बाइट लागतात, वेव्हफॉर्मला ढिगाने, आणि उपग्रहाचा डाउनलिंक म्हणजे कॉलेजच्या होस्टेलचा इंटरनेट. आजही ती चणचण आहेच. २०१५ साली सोडलेले एमएमएसचे चार उपग्रह बारीक डेटा आधी मेमरीत साठवतात, आणि त्यातला कुठला तुकडा जमिनीवर आणायचा हे पाळीने बसलेले शास्त्रज्ञ सुचवतात. उरलेल्यातला बराचसा पुसला जातो. पण तिथे निदान कोणीतरी बघून ठरवतं.

आमचा मित्र मात्र न बघता ठरवतो. २०१३ साली मोझर आणि सहकाऱ्यांनी व्हॅन ॲलन प्रोब्सच्या डेटात बाहेरच्या किरणोत्सारी पट्ट्यातले डबल लेयर दाखवले, रांगाच्या रांगा. एकेकाचा विभव किरकोळ, पण इलेक्ट्रॉनला हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेणारी पहिली पायरी हीच असावी, असा त्यांच्या गटाचा अंदाज आहे. पुढे दुसऱ्या लहरी त्याच इलेक्ट्रॉनांना आणखी रेटतात, आणि असे वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये घुसून त्यांची वाट लावतात. तो अंदाज बरोबर की चूक हे त्या मिलिसेकंदांच्या पल्स मोजूनच कळणार. आणि हा आउटलायर फिल्टर लावून त्याच उडवणार, वर मॉडेलची अचूकता वाढली म्हणून पार्टी मागणार!