आडनावच सांगायचं, बाळ टाकून दिलेलं आहे! काय आहे 'एक्स्पोसितो'?

फर्नांदेझ म्हणजे फर्नांदोचा मुलगा. स्पेनमधली 'एझ'ने संपणारी बहुतेक आडनावं अशी बापाच्या नावावरून आली. मग ज्या बाळाचे आईबापच ठाऊक नाहीत, त्याचं काय?

चर्च आणि अनाथालयांच्या नोंदवहीत त्याच्यापुढे अनेकदा लिहिलं जायचं 'एक्स्पोसितो'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला'. अनाथालयाच्या भिंतीत एक फिरता लाकडी कप्पा असे. त्यात बाळ ठेवायचं आणि घंटा वाजवायची. कप्पा फिरून आत गेला की बाळ आतल्यांच्या हाती यायचं, ठेवणारीचा चेहरा मात्र कोणालाच दिसायचा नाही. तिची ओळख झाकली जायची, मुलाची जन्मभर उघडी पडायची. (कॅटलोनियात 'देउलोफेउ' हे नाव जरा मायेचं: देवाने घडवलेला.)

१७९४ मध्ये राजा चौथा कार्लोस याने फर्मान काढलं: अशा मुलांना औरस माना, हिणवाल तर शिक्षा. आडनाव मात्र चिकटूनच राहिलं. ते बदलण्याची सोय कायद्याने १९२१ मध्ये झाली.

तरी हे आडनाव स्पेनमध्ये आजही आहे आणि इटलीतल्या नेपल्समध्ये त्याचं भावंड 'एस्पोझितो' घरोघरी सापडतं. पण ते आता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आडनाव आहे, त्यावरून माणसाच्या जन्माबद्दल काहीच कळत नाही.

२०११ च्या स्पॅनिश नोंदणी कायद्यानुसार आईबाप अज्ञात असलेल्या बाळाला अधिकाऱ्याने सर्रास वापरातलीच आडनावं द्यायची असतात. म्हणजे आज सापडलेलं बाळ सरळ 'गार्सिया' होऊ शकतं. स्पेनमध्ये सर्वाधिक आढळणारं आडनाव तेच आहे.