पायलटच्या झोपेचा हिशेब

मंडळी, डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवतोय ना? ५ तारखेला एकाच दिवसात इंडिगोची हजाराच्या वर उड्डाणं रद्द झाली. कुणाचं लग्न चुकलं, कुणाचा इंटरव्ह्यू बुडाला, बॅगा एकीकडे आणि माणसं दुसरीकडे. संताप शंभर टक्के रास्त होता. माझं भांडण आहे ते तो संताप कुणाच्या डोक्यावर फुटला याच्याशी. "काय ते नवीन नियम! पायलट लोकांना म्हणे आता जास्त झोप पाहिजे!" हे वाक्य मी इतक्या शिकल्यासवरल्या तोंडून ऐकलंय (त्यात आपले नातेवाईकही आले, रागावू नका) की आज जरा सविस्तरच लिहितो.

आधी हे नियम काय ते बघू. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. 'रात्र' पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरायची. रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. बस्स! डीजीसीएने हे जाहीर केलं जानेवारी २०२४ मध्ये. मग ते पुढे ढकललं गेलं, पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटचा टप्पा लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. दोन वर्षं आधी सांगितलेली परीक्षा 'अचानक' आली असं म्हणणाऱ्या पोराला आपण घरात काय म्हणतो?

आता झोपेचं मोल. २२ मे २०१० ची पहाट. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरला उतरताना टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर काय सापडलं? शेवटच्या दोन तास पाच मिनिटांपैकी पहिले सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते. जाग आल्यावर विमान प्रमाणापेक्षा उंचावर होतं. सहवैमानिक 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं सांगत होता. तरी विमान उतरवलं गेलं, तेही ८,००० फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट आत. झोपेतून उठल्यावर डोकं काही वेळ जड असतं आणि पहाटे शरीर सगळ्यात मंद असतं, हे चौकशी अहवालातही नोंदलं गेलं. आपल्याला उठल्यावर चहा घेईपर्यंत पेपरातलं शब्दकोडं सुचत नाही, इथे शे-दीडशे माणसं पाठीशी घेऊन विमान उतरवायचं होतं.

गंमत बघा (गंमत कसली!). पायलटने दारू घेतलीय का हे बघायला यंत्रात फुंकायला लावतात, आणि तिथे सवलत शून्य. ते योग्यच आहे. पण सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसासारखा वागतो, असं ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं. आपल्याकडे रस्त्यावर गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे! पण अपुरी झोप फुंकून कळत नाही. ती फक्त ड्यूटीच्या तक्त्यावर, नियमानेच पकडता येते. म्हणून तो नियम.

यावर ठरलेली तीन उत्तरं येतात.

"ऑटोपायलट असतो की!" असतो. पण उड्डाण हातानेच करतात, आणि दाट धुक्यासारखे प्रसंग सोडले तर बहुतेक लँडिंगही हातानेच. सगळ्यात कठीण काम ड्यूटीच्या शेवटी, माणूस सगळ्यात थकलेला असताना येतं.

"पगार लाखांत घेतात ना?" घेतात. पगाराने डोळे मिटायचे थांबतात असं कुठे वाचलंय का?

"एसटीचा ड्रायव्हर नाही का रात्रभर गाडी चालवत?" चालवतो, आणि त्यालाही पुरेशी झोप मिळालीच पाहिजे. पण पेंग आली तर तो निदान ढाब्यावर गाडी लावून तोंडावर पाणी मारू शकतो. तीस हजार फुटांवर ढाबा नाही.

आणि डिसेंबरच्या गोंधळावर उपाय काय निघाला? रात्रीच्या ड्यूटीच्या काही अटींतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा दाखवायची नाही, हे कलम तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं. म्हणजे वेळापत्रक जुळवायला पुरेशी माणसं कंपनीने ठेवली नाहीत, आणि भरपाई झाली पायलटच्या झोपेतून. विमानं वेळेवर सुटू लागली, आपण खूश.

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी "क्रूची ड्यूटीची वेळ संपली, विमानाला उशीर होईल" अशी घोषणा झाली, की काउंटरवरच्या पोरीवर किंवा पायलटवर खेकसू नका. भांडायचंच असेल (आणि भांडायलाच हवं) तर कंपनीला विचारा, राखीव क्रू का नाही? थकलेल्या माणसाने "मी आज उडवणार नाही" म्हणणं हा माज नाही, ते त्याचं काम आहे. आपलं आयुष्य त्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, मग ते उघडे राहण्याची किंमत दोन तास उशीर असेल तर मला तरी ती स्वस्त वाटते.

बघा पटतंय का. नसेल तर भांडायला या, चहा ठेवतो.