गाडीला विमा, सामान वाऱ्यावर

जुन्नर तालुक्यातील घाटघरजवळ, नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. सातवाहनकाळात या वाटेने ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होत असे, अशी परंपरागत समजूत आहे. जकात ही मुळात मालावरची. बैलाच्या पाठीवर गोणी होती म्हणूनच ती द्यावी लागे. आज पावसाळ्यात त्याच माथ्यावर मोटारींच्या रांगा लागतात आणि माणसे पिशव्या गाडीत ठेवून जीवधनची वाट धरतात. या मोटारींच्या विम्याचा हिशेब मात्र उलटा आहे. तो बैल मोजतो, गोणी मोजत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्रयस्थाच्या हानीपुरता असतो. चोरीशी त्याचा संबंध नाही. सर्वसमावेशक विम्यातून गाडीची घोषित किंमत मिळते, तीही घसारा वजा करून ठरविलेली. चार वर्षे उलटलेल्या गाडीसाठी हा घसारा ५० टक्के धरला जातो. गाडीबरोबर गेलेला लॅपटॉप, कपडे, पुस्तके यांचे मूल्य त्यात धरलेले नसते. घरगुती सामानाचा विमाही सामान्यतः घराच्या चार भिंतींतच थांबतो.

विमा कंपन्यांची अडचण खोटी नाही. गाडीची नोंद परिवहन कार्यालयात असते; आसनावरच्या पिशवीची कोठेच नसते. सरसकट भरपाई देऊ केल्यास निष्काळजीपणा वाढेल आणि खोट्या दाव्यांचा बोजा प्रामाणिक विमेदाराच्या हप्त्यावर पडेल. म्हणूनच काही कंपन्या जादा हप्ता घेऊन वैयक्तिक सामानाला पूरक संरक्षण देतात. त्याला रकमेची मर्यादा असते. रोकड व दागिने सहसा वगळलेले असतात. हा तोडगा रास्त आहे.

दोष आहे तो मौनाचा. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द ऐकून शिक्षक वा कारकून निश्चिंत होतो. काय वगळले आहे, हे त्याला चोरी झाल्यावर समजते. कर्ज काढून घेतलेला संगणक गेला, तरी कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. तेव्हा सामानाला संरक्षण नाही आणि हवे असल्यास किती पैशांत मिळेल, हे सही घेण्यापूर्वी स्वच्छ मराठीत सांगितले गेले पाहिजे.

विमेदाराचेही कर्तव्य आहे. मौल्यवान वस्तूंच्या पावत्या जपाव्यात, पोलीस फिर्यादीत प्रत्येक वस्तू नमूद करावी आणि कंपनीला विनाविलंब कळवावे. वाहनचोरीची फिर्याद तातडीने दिलेली असल्यास, केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. कंपनीच्या निर्णयाविरुद्ध विमा लोकपालाकडे दादही मागता येते. परंतु जे संरक्षण विकतच घेतले नाही, ते न्यायालय वा लोकपाल मिळवून देऊ शकत नाही. हप्ता घेणाऱ्याने संरक्षणाची सीमा आधी सांगणे ही ग्राहकावरची कृपा नव्हे. ती कराराची पहिली अट आहे.