ईमान, अमल आणि हर्सूलची भिंत

आपल्या जलशांतून, तकरिरींतून आणि मशिदीबाहेर फुकट वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांतून ख्रिस्ती धर्माविषयी एक ठरीव विधान वर्षानुवर्षे फिरते आहे. ख्रिश्चनांच्या मते ईसा क्रुसावर गेले, सर्वांची पापे धुतली गेली. आता ख्रिश्चनाने काहीही करावे, त्याची जन्नत पक्की! वक्ता हे सांगतो, श्रोते हसतात आणि आमच्याकडे असे नाही, आमच्याकडे अमल लागतो, या समाधानात सगळे घरी जातात. आमची तक्रार या समाधानाविरुद्ध आहे. एक तर ते विधान खोटे आहे. आणि दुसरे म्हणजे, ते करण्याचा अधिकार आपण केव्हाच गमावून बसलो आहोत.

मतभेद नाहीत असे आम्ही म्हणत नाही. ईसा अलैहिस्सलाम यांना क्रुसावर मारले गेले हे आपण मानत नाही. एकाचे ओझे दुसरा उचलत नाही, हे कुरआनचे सांगणे आपल्याला पुरेसे आहे. हा फरक मूलभूत आहे आणि तो राहणार. परंतु फरक सांगणे वेगळे आणि समोरच्याच्या तोंडी त्याने कधी न म्हटलेले घालणे वेगळे.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो असा सिद्धांत मांडला, हे खरे. पण पौल कोणत्या कर्मांविषयी बोलत होता? सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, सणवार. म्हणजे ज्यांच्या जोरावर एक जमात दुसरीला बाहेर ठेवत होती ती कर्मे. भुकेल्याला भाकरी देऊ नका, असे त्याने कुठेही लिहिलेले नाही. त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. उघड्यानागड्या, उपाशी माणसाला गोड बोलून वाटेला लावणाऱ्याची तो हजेरी घेतो आणि कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे असे ठणकावतो. मार्टिन ल्यूथरला हे पत्र अडचणीचे वाटले. १५२२ सालच्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला चक्क गवताचे पत्र ठरवले. रोमच्या चर्चने पापमाफीच्या चिठ्ठ्यांचा बाजार मांडला होता, त्याविरुद्ध १५१७ साली तो उभा राहिला होता. त्या रागाच्या भरात हे घडले असे म्हणता येईल. पण त्याच ल्यूथरने खरा विश्वास सत्कर्माशिवाय राहूच शकत नाही, असेही लिहून ठेवले आहे. पुढे या एका प्रश्नावरून युरोप फाटला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे लूथरन महासंघ आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण ईश्वराच्या कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे. आणि ती कृपा माणसाला सत्कर्माकडे नेते, असा तिचा आशय. मुनाजऱ्याला उभे राहणाऱ्या आपल्या किती वक्त्यांनी हे वाचले आहे?

इतक्या दूर जायचीही गरज नाही. महाराष्ट्रातच पंडिता रमाबाई होऊन गेल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले. १८९१ च्या सुमारास त्यांची पक्की धारणा झाली की, तारण ही फुकट मिळणारी देणगी आहे, ती कमवावी लागत नाही. ज्या विधानावर आपल्या जलशात हशा पिकतो, ते रमाबाईंनी मनापासून मानले. का मानले, हे समजून घेण्यासारखे आहे. शास्त्रे पाठ असलेल्या या बाईने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की, स्त्रीला स्त्री म्हणून मोक्ष नाही यावर त्या सगळ्या ग्रंथांचे एकमत होते. पुण्य साठवावे आणि पुढल्या जन्मी वरच्या योनीत जाण्याची आशा धरावी! पुण्य कमावण्याची साधनेच जिच्या हाती ठेवली नाहीत, तिच्यापुढे कर्माचे गोडवे गाणे ही क्रूर थट्टा आहे. फुकटची कृपा हा तिच्यासाठी आळसाचा परवाना नव्हता, बंद दाराची किल्ली होती.

आणि ही किल्ली मिळाल्यावर बाई स्वस्थ बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवा गोळा करून केडगावला आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनात सुमारे दोन हजार जीव होते. शेती, विणकाम, छापखाना त्याच बायकामुली चालवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. कर्माने तारण मिळत नाही असे मानणाऱ्या बाईचा हा अमल! आपल्यापैकी अमलाचा डंका पिटणाऱ्यांनी याच्या शेजारी आपली वही ठेवून पाहावी.

आता कोणी म्हणेल, हे सारे धर्मांतरासाठी होते. होते, तेही होते. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते म्हणून १८९३ साली रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हा इतिहास आहे आणि तो झाकायचे आम्हाला कारण नाही. पण 'साल्व्हेशन आर्मी'ला मराठीत मुक्तिफौज म्हणतात. नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, त्यांच्या बूथ हॉस्पिटलात २०२० साली कोरोनाच्या रुग्णांची सेवा झाली, तेव्हा खाटेवरच्या माणसाला आधी धर्म विचारला गेला नाही. हेतूंचा न्याय अल्लाह करील. आपण आपल्या घराकडे वळावे हे बरे.

आपल्या घरात हा वाद नाही, असे आपल्या तरुणांना वाटते. अहो, इस्लामच्या पहिल्या दीड शतकातला हा सर्वांत कडवट वाद! मोठे पाप करणारा काफिरच, असे खारिजी म्हणाले. त्यांच्या उलट मुर्जिआ म्हणाले की, ईमान असेल तर निकाल अल्लाहवर सोडा. त्यांच्यातले टोकाचे लोक तर ईमान असताना पापाने काहीच बिघडत नाही इथपर्यंत गेले. मोतझिलांनी अशा पाप्याला मोमिन आणि काफिर यांच्या मधली जागा दिली. इमाम अबू हनीफांनी अमल हा ईमानाचा घटक धरला नाही, पण कर्तव्य मात्र धरले. इमाम बुखारींच्या मते ईमानात बोल आणि कृती दोन्ही येतात आणि ते वाढते, घटते. शिवाय एक हदीस आपण सोयीने विसरतो. केवळ आपल्या अमलाच्या जोरावर कोणीही जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहच्या रहमतीने झाकले तरच, असे प्रेषितांनी सांगितले. आणि आपणही त्याला अपवाद नाही, असेही सांगितले. म्हणजे कृपेची गरज त्यांना आणि हिशेब फक्त आपल्याला, ही वाटणी टिकत नाही.

व्यवहारात तर आपण टोकाचे मुर्जिआच झालो आहोत. कलमा पढला आहे, अखेर सुटका आहेच! बहिणीचा वारसाहक्क दाबलेला माणूस पहिल्या सफेत उभा असतो. स्वच्छता हा ईमानाचा अर्धा भाग असल्याचे मोहल्ल्याच्या भिंतीवर सुंदर अक्षरांत रंगवलेले असते आणि त्याच भिंतीखाली कचऱ्याचा ढीग. २०१८ साली नारेगावचा कचरा डेपो बंद झाला आणि आपले शहर कचऱ्यात बुडाले, तेव्हा पालिकेला शिव्या देणे बरोबरच होते. पण ढीग कोणी रचला, हे विचारायला कुठल्या कमिटीने बैठक घेतली?

आम्हाला बोलायचे आहे ते हर्सूलविषयी. शहराबाहेर पडून जळगाव रस्त्याला लागले की हर्सूल येते आणि तिथे मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. ये-जा करणारा प्रत्येकजण ती पाहतो आणि पुढे जातो. मत्तयच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. तिथे विश्वासाची परीक्षा होत नाही. भुकेल्याला खाऊ घातले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याला आणि बंदिवानाला भेटलात का, असा हिशेब होतो आणि जे त्यांना केले ते मला केले, असे न्याय करणारा सांगतो. आपल्या सहीह मुस्लिममध्ये याच्याशी थक्क करणारे साम्य असलेली हदीसे कुदसी आहे. मी आजारी होतो, भुकेला होतो, तहानेला होतो, असे अल्लाह माणसाला विचारील. तिच्यात बंदिवान नाही. म्हणून की काय, आपल्या सवाबाच्या यादीतही तो नाही!

वास्तविक जकातीच्या आठ हक्कदारांत मानेवरचे जोखड सोडवणे आणि कर्जदार हे दोन्ही आहेत. जामिनाची रक्कम त्यात बसते की नाही यावर उलेमांनी जरूर वाद घालावा. पण वादासाठी आधी कोणी प्रश्न तरी विचारायला हवा. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. तीत सुरुवातीला कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५,००० पर्यंत मदतीची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. (जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले यांना हे लागू नाही.) अर्ज तुरुंग अधीक्षकाने करायचा आहे. पण त्याच्या मागे लागायला बाहेर कोणी तरी हवे. आईला तारीख समजत नाही, बापाची मजुरी बुडते. एखादा वकील, एखादा शिकलेला पोरगा आठवड्यातून दोन तास देऊ शकत नाही काय?

मोठ्या खटल्यांत हे काम झालेच नाही असे नाही. जमियत उलेमाच्या कायदा विभागातून गुलजार आझमी यांनी २०२३ साली निधन होईपर्यंत ते केले. ॲडव्होकेट शाहिद आझमी यांनी असेच खटले लढवले आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. पण मोबाईल चोरीत सापडलेल्या, वर्तमानपत्रात नाव न आलेल्या पोराचा वाली कोण?

यावर एक उत्तर आम्हाला ठाऊक आहे : आत सगळे आपलेच थोडे आहेत, आणि गुन्हेगारांवर पुण्य कशाला उधळायचे? जकात फक्त मुसलमानांना द्यावी असे बहुतेक फुकहा मानतात, ते मान्य. सदक्याला तशी अट नाही. आणि सूरह दहरमध्ये अल्लाहच्या प्रेमाखातर मिस्कीन, यतीम आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आली आहे. यातला कैदी कोण, यावर जुन्या मुफस्सिरांनी लिहून ठेवले आहे की, त्या काळी मुसलमानांच्या हाती असलेले कैदी मुश्रिकच होते.