नोकरकपात आणि नवा कर्मविपाक



ज्या दिवशी तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या दिवशी तुम्ही केवळ देव्हारा रिकामा केला नाही. माणसाच्या दुर्दशेचे खापर त्याच्याच मागच्या जन्मावर फोडणारी जी विचारसरणी, तीही तुम्ही घराबाहेर काढलीत. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी या कर्मसिद्धांताचे मर्म उघड केले आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही. परंतु ही विचारसरणी मोठी चिवट आहे. पोथी सोडून ती आता संगणकाच्या कंपन्यांत जाऊन बसली आहे. तेथे आपली शिकलेली मुले नोकरीस आहेत, म्हणून हा विषय येथे काढणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरण दूरचे घेतो, कारण ते सर्वांत उघड आहे. फेसबुक चालविणाऱ्या मेटा या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ११,००० माणसे एका दिवसात कमी केली. कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी आपल्या पत्रात चूक स्वतःची असल्याचे मान्य केले. महामारीच्या काळात वाढलेला धंदा तसाच टिकेल या समजुतीने आपण भरमसाट खर्च केला, असे त्यांनी लिहिले. चूक मालकाची, कबुली मालकाची, आणि नोकरी गेली ती ११,००० दुसऱ्यांची! चार महिन्यांनी, मार्च २०२३ मध्ये, आणखी १०,००० माणसे काढण्याचे जाहीर झाले, तेही टप्प्याटप्प्याने, मेअखेरपर्यंत. म्हणजे जवळजवळ अडीच महिने हजारो माणसे रोज सकाळी कामाला बसत होती आणि आज आपली पाळी आहे काय, एवढेच पाहत होती. त्या वर्षाला झुकरबर्गांनी ‘कार्यक्षमतेचे वर्ष’ असे नाव दिले होते. वर्षाच्या शेवटी कंपनीचा निव्वळ नफा ३९ अब्ज डॉलरांवर गेला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भागधारकांना इतिहासातला पहिला लाभांश जाहीर झाला.

इथवर ही मालक-मजुरांची जुनीच कथा आहे, असे कोणी म्हणेल. गेलेल्यांना सोळा आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे दोन आठवड्यांचा जादा पगार मिळाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आमचा मुख्य आक्षेप पुढच्या प्रकाराला आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने आणखी पाच टक्के माणसे, म्हणजे सुमारे ३,६००, काढण्याचे ठरविले. या खेपेस कारण सांगितले ते असे की ही माणसे कमी प्रतीचे काम करणारी आहेत. त्यांतील काहींनी पुढे जाहीरपणे सांगितले की आपल्या कामाबद्दल वरिष्ठांनी पूर्वी चांगलाच शेरा दिला होता. याच फेब्रुवारीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसचे लक्ष्य मूळ पगाराच्या ७५ टक्क्यांवरून २०० टक्क्यांवर नेल्याचे कंपनीच्याच कागदपत्रांतून बाहेर आले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. कोण नालायक हे तपासण्यापूर्वीच किती टक्के नालायक निघायचे हे वरून ठरले होते. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच शंभरांतील पाच मुले नापास करावयाची असे ठरवून जो शिक्षक मग उत्तरपत्रिका हाती घेतो, त्याच्या निकालाला तुम्ही परीक्षा म्हणाल काय? पूर्वी सांगत, तू या जातीत जन्मलास, तेव्हा मागच्या जन्मी पाप केले असलेच पाहिजे. आज सांगतात, तू कपातीत गेलास, तेव्हा तुझ्यात उणीव असलीच पाहिजे. फळ आधी दाखवायचे आणि त्यावरून पाप सिद्ध करायचे! हाच तो कर्मविपाक.

या विद्येचा खरा परिणाम जाणाऱ्यावर नव्हे, मागे राहणाऱ्यावर होतो. मनोधैर्य खचले असे वरवर म्हणतात. आम्ही म्हणतो, माणूस वाकला. शेजारची खुर्ची रिकामी झाली की तो हळहळतो, पण दुसऱ्याच क्षणी स्वतःला समजावतो की त्याचे काहीतरी चुकले असेल, मी नीट काम करतो, मी वाचेन. हे त्याला मानावेच लागते, कारण न मानल्यास रात्री झोप येणार नाही. मग तो रजा मागत नाही. सभेत चूक दिसली तरी बोलत नाही. सहकाऱ्याला युक्ती सांगत नाही, कारण पाच टक्क्यांच्या हिशेबात तो सहकारी आता प्रतिस्पर्धी झाला आहे. दुसरी कपात होते, तिसरी होते, आणि मालकाला धमकीही द्यावी लागत नाही.

आपल्या मुलांना या भयाचा दुहेरी काच आहे. खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही, तरी आडनाव विचारणारे आहेत आणि ‘कोणत्या कोट्यातून आलास’ असा टोमणा मारणारेही आहेत. अमेरिकेतही जात समुद्रात बुडालेली नाही. अ‍ॅमेझॉनचे मुख्यालय ज्या सिएटल शहरात आहे, तेथील नगरपरिषदेला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घालणारा कायदा करावा लागला. शिवाय एच-१बी परवान्यावर गेलेल्याची नोकरी सुटली की दुसरी शोधण्यास साधारणतः साठ दिवस मिळतात. नाहीतर देश सोडायचा. अशा मुलाने जातीचा अपमान झाला तर तक्रार करावी कशी?

आणि हे वारे इकडे आलेच नाही असे समजू नका. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० म्हणजे दोन टक्के माणसे, मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील, कमी करण्याचे जाहीर केले. आपल्या समाजातील पहिला अभियंता त्या मधल्या श्रेणीपर्यंत पोहोचायला एक पिढी खपली आहे.

यावर आपल्यातील काही शिकलेले लोक म्हणतात की आम्ही मजूर नव्हे, कामगार-चळवळ गिरणीवाल्यांची. त्यांना आम्ही आठवण देतो. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध, त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईत एक दिवसाचा संप घडविला. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला शिरू न देणाऱ्या सवर्ण कामगारांचीही त्यांनी गय केली नाही. दोन्ही आघाड्या त्यांनी एकदम लढविल्या. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र लटकले म्हणून त्यांतील एकही संपली नाही.

तथागतांनी सिगालाला दिलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर विश्रांती द्यावी. सेवकाची कर्तव्येही तेथे आहेत. ती आपली मुले पुरेपूर पाळतात. प्रश्न करार एका बाजूनेच पाळला जातो हा आहे.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी अशी अवेळी घरी परतली, तर ‘तुझे काय चुकले?’ हा प्रश्न तोंडातून काढू नका. तो प्रश्न पोथीचा आहे. तुझ्याबरोबर किती गेले, असे विचारा. तुझ्याकडून कोणत्या कागदावर सही घेतली, असे विचारा. पुष्कळ ठिकाणी काढून न टाकता राजीनामा लिहून मागतात. तो एकदा दिला की कपातीची भरपाई मागण्याची वाट जवळजवळ बंद होते. वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगारास कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, हा हक्क १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. ‘तू अधिकारी, तुला हा कायदा नाही’ असे कंपनी म्हणेल. पदाच्या नावावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून कामगार ठरतो, असे न्यायालयांनी अनेकदा धरले आहे. पुण्यात या धंद्यातील कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. सही करण्यापूर्वी तेथे जावे, नेमणूकपत्र आणि आजवरचे सर्व शेरे बरोबर न्यावेत. आणि येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर, आपल्यापैकी कोणाकोणाच्या घरी हे पत्र आले आहे, हे मोठ्याने विचारावे.