शिकवणाऱ्यांचाही अभ्यास

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय अवघ्या मराठवाड्यात ‘घाटी’ या नावानेच ओळखले जाते. जालना, बीड, परभणी येथून, तसेच बुलढाणा आणि जळगाव जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे येतात. रुग्णाच्या खाटेजवळ डॉक्टरांबरोबर पाच-सहा विद्यार्थीही उभे असतात. त्या वेळी डॉक्टर एकाच वेळी दोन कामे करीत असतात : एक उपचाराचे आणि दुसरे अध्यापनाचे. पहिल्या कामासाठी त्यांनी कितीतरी वर्षे अभ्यास केलेला असतो. दुसऱ्या कामाचे रीतसर शिक्षण मात्र बहुतेकांना नोकरीत रुजू होईपर्यंत मिळालेले नसते. उत्तम शस्त्रक्रिया करणारा उत्तम शिकवतोही, असे गृहीत धरण्याची रीत फार जुनी आहे.

ही उणीव जाणत्यांनी पूर्वीच ओळखली होती. पुदुच्चेरीच्या ‘जिपमर’ संस्थेत वैद्यकीय शिक्षकांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९७० च्या दशकातच उभे राहिले. पुढे २०१९ साली एम.बी.बी.एस.साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय पाठ आहे, यापेक्षा त्याला प्रत्यक्ष काय करता येते, यावर त्यात भर आहे. रुग्णाशी संवाद आणि वैद्यकीय नीती यांनाही त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. साहजिकच शिक्षकांनाही नव्याने शिकणे भाग पडले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी वैद्यकीय शिक्षणतंत्राचा आणि संशोधनपद्धतीचा असे दोन पायाभूत अभ्यासक्रम शिक्षकांच्या पदोन्नतीशी जोडले.

परंतु वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग आणि रात्रपाळी सोडून शिक्षकांनी दूरगावी किती दिवस जायचे? येथेच ऑनलाइन प्रशिक्षणाची उपयुक्तता दिसते. आणि ते कसे रचावे, हा प्रश्नही येथेच उभा राहतो.

आपल्या देशात याचे दोन नमुने पाहण्यासारखे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने संशोधनपद्धतीचा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन तयार केला. नोंदवून ठेवलेली व्याख्याने, प्रत्येक पाठाबरोबर स्वाध्याय आणि शेवटी नेमलेल्या केंद्रावर परीक्षा, अशी त्याची मांडणी आहे. एकच पाठ हजारो लोकांपर्यंत सारख्याच शुद्धतेने पोचवायचा असेल, तर ही पद्धत योग्य ठरते.

दुसरा नमुना मुंबईचा आहे. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ साली अमेरिकेतील ‘फेमर’ संस्थेच्या सहकार्याने वैद्यकीय शिक्षकांसाठी दोन वर्षांची पाठ्यवृत्ती सुरू झाली. निवडलेले मोजके शिक्षक काही दिवस मुंबईत एकत्र येतात. उरलेला काळ ते आपापल्या महाविद्यालयात राहून एक शैक्षणिक प्रकल्प राबवितात आणि इंटरनेटवरून परस्परांशी व मार्गदर्शकांशी चर्चा करीत राहतात. येथे संख्या लहान असते, पण प्रत्येकाच्या कामावर कोणाची तरी नजर असते. माहिती द्यायची असेल, तर पहिली रीत पुरते. शिकवण्याची सवय बदलायची असेल, तर दुसऱ्या रीतीवाचून इलाज नाही.

व्यापारी घरांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. मुलगा जमाखर्च शिकतो, तो व्याख्यान ऐकून नव्हे. तो रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो, आणि संध्याकाळी शिल्लक जुळली नाही की वडीलधारे त्याच्याकडून चूक शोधून घेतात. वैद्यकीय शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० साली हीच गोष्ट चार पायऱ्यांत मांडली : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात ते करीत राहणे. बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रम पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. चांगल्या रचनेची खरी कसोटी तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, परिचर्या महाविद्यालयातील अध्यापिकांसाठी एक ऑनलाइन पाठ रचायचा आहे. ‘इन्सुलिनची माहिती’ असा विषय घेतला, तर तासभराची चित्रफीत तयार होईल आणि काम संपेल. जाणता रचनाकार मात्र उलट टोकाकडून सुरुवात करतो. कन्नड तालुक्यातील एखादी मधुमेही आजीबाई घरी गेल्यावर स्वतः इन्सुलिन नीट घेऊ शकली पाहिजे, हे अंतिम ध्येय. त्यासाठी विद्यार्थिनीला ते समजावून सांगता आले पाहिजे; आणि त्यासाठी अध्यापिकेला ते समजावण्याची कला शिकवता आली पाहिजे. घरात फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्याच्या गारव्यात इन्सुलिन ठेवता येते, ते गोठू देऊ नये, सुई टोचण्याची जागा बदलत राहावी, या गोष्टी सांगून भागत नाही. आजींकडून त्या करून घ्याव्या लागतात.

म्हणून या पाठात चित्रफीत दहा मिनिटांचीच ठेवावी. नंतर प्रत्येक अध्यापिकेने आपण विद्यार्थिनींना शिकवतानाचे पाच मिनिटांचे ध्वनिचित्रमुद्रण करावे. त्यात रुग्णाचा चेहरा वा नाव येऊ नये. विद्यार्थिनींची संमती घ्यावी. जालन्याच्या आणि बीडच्या दोन सहाध्यायिनींनी ते ठरावीक मुद्द्यांच्या यादीनुसार पाहावे : प्रश्न विचारला का, उत्तरासाठी थांबली का, चूक झाल्यावर अपमान न करता ती दुरुस्त केली का? अभिप्राय मिळाल्यावर तोच पाठ पुन्हा घ्यावा. मार्गदर्शकांनी आठवड्यातून एकदा, ड्यूटी संपल्यानंतरच्या वेळेत, सर्वांशी बोलावे. मोबाइलवर चालेल आणि कमी इंटरनेटमध्ये उतरवता येईल, असेच साहित्य द्यावे. एवढी व्यवस्था करायची तर एका मार्गदर्शकाकडे पंधरा-वीस जणींहून अधिक गट देता येत नाही. म्हणजेच चांगल्या अभ्यासक्रमाचा खर्च चित्रीकरणापेक्षा माणसांच्या वेळेवर अधिक होतो.

फलिताचा हिशेबही असाच टप्प्याटप्प्याने पाहावा लागतो. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडले : शिकणाऱ्यांना प्रशिक्षण आवडले का, ते काही शिकले का, त्यांचे वर्तन बदलले का आणि त्यातून अपेक्षित परिणाम साधला का. पहिला स्तर एका प्रश्नावलीत मोजता येतो, म्हणून बहुतेक जण तेथेच थांबतात. तीन महिन्यांनी वॉर्डात जाऊन कसे शिकवले जाते, हे पाहणे कष्टाचे असते. पण खरी शिल्लक तेथेच कळते.

पदोन्नतीशी जोडलेल्या प्रशिक्षणाला एक धोका असतो. प्रमाणपत्र हाती पडले की काम झाले, असे वाटू लागते. परंतु पावती फाडली म्हणजे माल पोचला, असे कोणताही दुकानदार मानत नाही. चित्रफीत पार्श्वभूमीला चालू ठेवून पूर्ण केलेला अभ्यासक्रम कागदावर हजेरी दाखवतो. खाटेजवळच्या विद्यार्थ्याच्या हाती मात्र काहीच येत नाही.

या विषयाचा व्यापारी कुटुंबांशी संबंध दूरचा नाही. घरातील मुले-मुली वैद्यकीय, दंत, परिचर्या वा भौतिकोपचाराच्या शिक्षणाला जातात. अनेक कुटुंबांतील ज्येष्ठ रुग्णालयांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर असतात. प्रवेशाच्या वेळी इमारत, यंत्रसामग्री आणि शुल्क यांची चौकशी होते. तिच्यात आणखी दोन प्रश्नांची भर घालावी : येथील शिक्षकांना शिकवण्याचे प्रशिक्षण कसे मिळते, आणि त्यानंतर त्यांचा वर्ग कोणी पाहतो का? देणगी देणाऱ्यांनीही नव्या वास्तूवरील नावफलकाइतकेच महत्त्व अशा प्रशिक्षणातील मार्गदर्शकांच्या मानधनाला द्यावे. त्या देणगीची पाटी भिंतीवर लागणार नाही. पण एका शिक्षकाच्या हातून त्याच्या सेवाकाळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या जातात, आणि त्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून पुढे हजारो रुग्ण.