हरित प्रमाणपत्राचा ताळेबंद

आजकाल इमारतींनाही आपल्यासारखी गुणपत्रिका मिळते. अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीत ११० पैकी ८० गुण पडले की ‘प्लॅटिनम’. आपल्या देशातील ‘गृह’ पद्धतीत सर्वोच्च मान पाच ताऱ्यांचा. वीज किती वाचली, पाणी किती मुरवले, याचा त्यात हिशेब असतो. हे सर्व स्तुत्यच आहे. पण मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ताळेबंदात काय मांडले आहे यापेक्षा काय मांडलेले नाही, हे मी आधी पाहतो.

‘लीड’च्या २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तीत नव्या इमारतीने पूरक्षेत्र, पाणथळ व सुपीक शेतजमीन टाळली तर १ गुण आहे. सायकलींची सोय केली तरी १ गुणच! उलट इमारतीत धूम्रपानाला बंदी ही मात्र पूर्वअट. ती पाळल्याशिवाय प्रमाणपत्रच नाही. म्हणजे सिगारेट ओढू दिली तर नापास, आणि पुराच्या वाटेत इमारत उभारली तर फक्त एका गुणाचा तोटा. हा कोणता न्याय?

हा एक गुण किती महाग पडतो, ते बडोद्याला विचारावे. पावागडच्या डोंगरातून येणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. तिच्या काठच्या घळी, ज्यांना तिकडे ‘कोतर’ म्हणतात, आणि शहरातील तळी ही पुराचे पाणी साठविणारी कोठारे होत. त्यांत भराव पडत गेला, वस्ती वाढत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांपलीकडे चढली. घरांत पाणी शिरले आणि वस्तीत मगरी आल्या. पाऊसही अफाट झाला होता, हे खरे. परंतु भरावाने हटविलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या उंबरठ्याशी जाते. बचत इमारतीच्या खात्यात आणि तोटा शेजाऱ्याच्या खात्यात, असा हा जमाखर्च आहे.

जमीन ओळखून बांधणे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० च्या सुमारास, आजव्याच्या तलावाचे पाणी नुसत्या उताराने शहरात आणले गेले. १९३१ साली बांधलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या दालनांना काचेची जमीन केली, म्हणजे उजेड खालच्या मजल्यावरही पोचावा. त्या वेळी कोणी तारे वाटत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की पूरक्षेत्राबाहेरची जागा ही प्रत्येक हरित प्रमाणपत्राची पूर्वअट असावी. बाकीचे गुण त्यानंतर मोजावेत. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत कर्जाचे अर्ज तपासेल, कोणी बांधकाम कंपनीचे हिशेब लिहील. तेव्हा प्रमाणपत्र पाहण्याआधी जमिनीचा उतारा आणि नदीची पूररेषा दाखविणारा नकाशा मागून घ्यावा. तेवढा अधिकार आपल्या हाती नक्कीच असेल.